वाडा उतरवायच्या आधी मिळणारे तीन रुमाल : पहिलं काम काय करावं?

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी वाईचा. आम्ही आठ जण गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी भेटतो. दोन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक फोटोग्राफर, एक गवंडी आणि आम्ही तिघे दुकानदार. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, स्वतःची खोली नाही. पोस्टमास्तरांच्या ओसरीवर बसतो. घाटांचे दगड, वाड्यांची दारं, जुने फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, जे सापडेल त्याची वहीत नोंद करतो. गावात लोक आम्हाला 'इतिहासवाले' म्हणतात.

आता अडचण सांगतो. एका आळीतला जुना वाडा उतरवणार आहेत. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी आहेत. देवघराच्या वरच्या माळ्यावर तीन रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, आहेत. लाल कापडात घट्ट बांधलेले, वरून सुतळी. आजींच्या सासऱ्यांनंतर ते कुणी सोडलेले नाहीत. मुलगा म्हणाला, "वाचता कुणाला येतंय? नदीत सोडतो, निदान पायदळी तरी यायचे नाहीत." आजींनी पोस्टमास्तरांना निरोप धाडला. वीस दिवसांत माळा उतरणार आहे.

त्या मुलाचा मला राग नाही. आपल्याकडे जीर्ण पोथी नदीत सोडायचीच रीत आहे. ज्याला अक्षराबद्दल काहीच वाटत नाही, तो कागद बंबात घालतो. हा निदान कृष्णामाईच्या हवाली करायला निघाला होता.

पण हे वाईत व्हावं, याचं फार लागतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं याच गावात एका घरी मिळाली आणि त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० ते १७६१ ची ती पत्रं. पुढे त्याचे बावीस खंड झाले. प्राज्ञपाठशाळा इथली. विश्वकोशाचं कामही इथूनच झालं. आणि तरीही माळ्यावर रुमाल तसेच पडून आहेत.

विचारायचं एवढंच : सुरुवात कुठून करू? रुमाल घरी आणू का? आणि वाचून झाल्यावर ते पुण्याला द्यावेत की गावातच ठेवावेत? आमच्यातच दोन तट पडले आहेत.

---

मोडीप्रेमी
शनिवार, रात्री ९:४८

धाग्यासाठी धन्यवाद. रुमाल सोडायची घाई करू नका. पानांचे फोटो इथे टाकले तर वाचायला मदत करेन. बाकी जाणकार सांगतीलच.

---

अभिलेख
शनिवार, रात्री ११:२०

कृष्णाकाठ, मी पुण्यात कागदपत्रांच्या कामात तीस वर्षं काढली. जरा सविस्तर लिहितो, कारण पहिल्या दिवशी झालेली चूक पुढे सुधारता येत नाही.

सर्वात आधी रुमाल आहेत तिथेच असताना त्यांचे फोटो काढा. माळा, कोपरा, कुठला रुमाल वर होता, कुठला खाली, शेजारी काय होतं, हे सगळं यायला हवं. मग आजींशी बोला आणि ते रेकॉर्ड करा. रुमाल कुणाच्या हातचे, घरात कुणाकडे कुलकर्ण होतं का, सावकारी होती का, कुणी कारकुनी केली, घराण्याच्या शाखा कुठे गेल्या. आजींना कागदात काय आहे ते ठाऊक नसेल, पण कागद त्या घरात का आहेत ते बहुधा ठाऊक असेल. ते दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नाही.

मग रुमालांना आकडे द्या. सुतळी कापू नका, सोडवा. आतल्या पानांचा क्रम अजिबात बदलू नका. नवखा माणूस उत्साहाने तारखांप्रमाणे गठ्ठे लावतो आणि सगळं घालवतो. कारकुनाने दोन कागद एकात एक घडी घालून ठेवले असतील, तर त्याला कारण असतं. एक पत्र आणि एक उत्तर, किंवा तक्रार आणि तिचा निवाडा. वेगळे केलेत की दोन्ही मुके. प्रत्येक पानामागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक आकडा घाला : घर, रुमाल, पान. बॉलपेन नको, शिक्का नको.

टाचण्या असतील तर हळूच काढा, गंज कागद खातो. सेलोटेप लावायचा नाही. लॅमिनेशन तर नावालाही नको. मी शंभर वर्षांपूर्वीच्या सनदा प्लास्टिकमध्ये भाजलेल्या पाहिल्या आहेत, त्या आता कुणालाच सोडवता येत नाहीत. कागद उन्हात घालू नका. डांबराच्या गोळ्या कपाटात टाकू नका, तुमच्याच छातीला त्रास होईल. धूळ मऊ कुंचल्याने, आतून बाहेर. तोंडाला फडकं बांधा, बुरशी फुप्फुसात जाते.

बांधायला मांजरपाट आणा, दोनदा उकळत्या पाण्यात धुऊन त्याची खळ काढा. खळीला कसर लागते. जुनं लाल कापड फेकू नका, त्यालाही आकडा द्या. वेखंडाची पुरचुंडी जुने लोक ठेवत, ठेवायला हरकत नाही, पण कागदाला टेकवू नका. आलेला रुमाल महिनाभर इतर कागदांपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा. वाळवी पाहुणी म्हणून येते आणि घर करून राहते.

आणि लिहून घ्या. देणगी की ठेव? परत मागता येईल का? फोटो छापायची परवानगी आहे का? दोन ओळींचं पत्र, सही, साक्षीदार. आज प्रेमाने दिलेला रुमाल उद्या नातवांमध्ये भांडण लावतो.

शेवटच्या प्रश्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ओसरीवर कागद टिकत नाहीत. पुण्याच्या एखाद्या मोठ्या संस्थेला द्या. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतं आहे.

---

कृष्णाकाठ
रविवार, सकाळी ७:०५

अभिलेखकाका, हे छापून ओसरीवर लावतो आहे.

पुण्याबद्दल मात्र मनात अढी आहे ती सांगतो. मेणवली आमच्यापासून तीन-चार किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा तिथे उभा आहे, घाट आहे, घंटा आहे. नानांच्या कागदपत्रांचं दप्तर मात्र नाही. ते इतिहाससंशोधक पारसनीसांनी मिळवलं, साताऱ्याच्या संग्रहालयात गेलं आणि १९३९ साली तो सगळा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला. कागद वाचले, हे खरंच मोठं आहे. पारसनीस नसते तर काय झालं असतं, कुणी सांगावं? पण मेणवलीच्या शाळेतल्या मुलाला विचारा, या वाड्यात बसून कोण काय लिहीत होतं. तो सांगतो, इथे शूटिंग होतं.

---

धुळेकर
रविवार, सकाळी ९:३०

कृष्णाकाठशी सहमत. आमच्याकडचं उदाहरण घ्या. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. त्यांनी आयुष्यभर पायपीट करून जमवलेलं दप्तर त्या वेळी सहज पुण्याला गेलं असतं. गावातल्या लोकांनी लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं आणि दप्तर धुळ्यात ठेवलं. तेव्हाचं धुळं म्हणजे काही विद्यापीठाचं शहर नव्हतं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठातून हिंडून रामदासी हस्तलिखितांची बाडं गोळा केली, त्यांचं समर्थ वाग्देवता मंदिर आजही आहे. शाळकरी वयात मला वडिलांनी तिथली बाडं काचेबाहेरून दाखवली होती. पुण्यात असती तर मी ती कधी पाहिली असती?

जवळ असलेली वस्तू माणूस पाहतो, आणि पाहतो म्हणून जपतो. एवढंच माझं म्हणणं.

---

अभिलेख
रविवार, सकाळी १०:१५

धुळेकर, तुमच्या गावाला माणसं मिळाली, इमारत मिळाली. प्रत्येक तालुक्याला ती मिळत नाहीत. मी अशी मंडळं पाहिली आहेत की संस्थापक गेला, मुलाने खोली भाड्याने दिली आणि पेट्या जिन्याखाली गेल्या. पाच वर्षांनी उघडल्या तेव्हा आत माती होती. वाळवीने खाल्लेल्या कागदाची माती हातात घेतली आहे मी. गावाचा अभिमान वगैरे तेव्हा काही सुचत नाही.

---

वाशिष्ठी
रविवार, दुपारी १२:४०

मी चिपळूणची. 'सुरक्षित जागा' म्हटलं की आम्हाला नदी आठवते.

आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आम्ही 'लोटिस्मा' म्हणतो, १८६४ चं. २६ जुलै २००५ ला पाणी आत शिरलं. त्यातून उभं राहिलं, कोकणातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालयही उभं केलं. मग २२ जुलै २०२१. पुन्हा पाणी. सांगलीच्या वाचनालयाचंही २०१९ च्या महापुरात तेच झालं. वाई कृष्णेच्या काठावर आहे, तेव्हा कृपा करून पहिलं विचारा ते हे, की ओसरी पूररेषेत येते का? कपाट तळमजल्यावर आहे का? खालच्या दोन फळ्या कायम रिकाम्या ठेवा.

भिजलेल्या कागदाचं माझ्या हातांनी शिकले ते लिहिते. चिखल लगेच घासून काढू नका, अक्षरं त्याच्याबरोबर जातात. पुस्तक उघडायची ओढाताण करू नका. पाणी निथळू द्या, मग थोड्या थोड्या पानांमध्ये टीपकागद किंवा कोरा, छपाई नसलेला कागद घाला आणि तो सारखा बदलत राहा. पंखा लावा, वारा खेळता ठेवा, ऊन नको. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून जे दोन दिवसांत वाळवणं शक्य नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोठवायचं. हो, शीतपेटीत. मासळीच्या बर्फघराची ओळख असेल तर ती उपयोगी पडते. गोठलेला कागद सडत नाही, पुढे सावकाश एकेक काढून वाळवता येतो.

अवांतर : वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे ना? पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात लावून उभी राहिले होते. आमच्या वाचनालयाला अशी भिंत असती तर, असं मनात आलं.

---

कृष्णाकाठ
रविवार, दुपारी २:२०

वाशिष्ठीताई, होय. ते देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ च्या सुमारास बांधलं. आमच्यातला गवंडी म्हणतो, "त्या भिंतीला ज्याने रेघ आखली, त्याला नदी कळत होती." त्याचं नाव मात्र कुठे लिहिलेलं आमच्या पाहण्यात नाही.

ओसरी पूररेषेच्या आत आहे. आजवर याचा विचारच केला नव्हता. जागा बदलतोय.

---

ओवीकर
रविवार, संध्याकाळी ६:१५

सगळे प्रतिसाद वाचले, आवडले. पण एक खटकतंय ते बोलते.

वाडा, रुमाल, सरदार, फडणवीस, शास्त्री. गावाचा वारसा एवढाच का? ज्या बाईने त्या वाड्यात चाळीस वर्षं दळण दळलं, तिचा रुमाल कुठे आहे? कुंभारवाडा, महारवाडा, मांगवाडा, घाटावर कपडे धुणारे परीट, होडी चालवणारे कोळी, यांनी कागद ठेवले नाहीत, कारण कागद त्यांच्या हाती नव्हता. तुमच्या चार वर्षांच्या वहीत त्यांची किती पानं आहेत?

हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचं काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या उतरवल्या गेल्या. एका बाईने आपल्या नदीला, भावाला, सासुरवासाला काय म्हटलं ते त्यात आहे. हेही दप्तरच आहे आणि ते फार वेगाने जातंय. माळ्यावरचा रुमाल वीस दिवस थांबेल. माझी आत्या थांबली नाही. तिला दोनशेच्या वर ओव्या येत होत्या. मी 'पुढच्या सुट्टीत' असं म्हणत राहिले.

---

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ८:५०

ताई, आत्ताच वही काढून मोजली. तीनशे बारा नोंदी आहेत. वाड्यांच्या आणि देवळांच्या दोनशे चाळीस. कुंभारवाड्याच्या चार. दलित वस्तीची एकही नाही. बायकांच्या आठवणी अकरा, त्याही सगळ्या वाड्यातल्या बायकांच्या.

उत्तर नाही माझ्याकडे. उद्या सगळ्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवतो.

---

वसईची विहीर
सोमवार, सकाळी ८:००

मेणवलीच्या घंटेचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ती आमची. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. मेणवलीच्या घंटेवर मरियम आणि बाळ येशू आहेत, १७०७ साल आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे तिच्यावर १७२१.

त्या परत मागाव्यात असं मला कधीच वाटलं नाही. पावणेतीनशे वर्षं देवळात वाजलेली घंटा त्या देवळाचीही झाली. मी मेणवलीला गेलो तेव्हा तिथल्या एका काकूंनी मला सांगितलं, "ही वसईची बरं का." माझं गाव त्यांच्या तोंडी होतं, मला भरून आलं. वस्तू हलली तरी ती कुठली, हे सांगणारं कुणीतरी असलं की ती तुटत नाही. तुमच्या रुमालांचंही असंच बघा. पुण्याला जावोत की वाईत राहोत, त्यांच्यावर त्या घराचं नाव राहू दे.

---

अभिलेख
सोमवार, सकाळी ११:३५

वसईकर, हे मला तीस वर्षांत कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

मोठ्या संस्थांमध्येही सगळ्यात मोठं दुखणं हेच. कागद आहेत, छान बांधलेले आहेत, पण कुठून आले ते नोंदलेलं नाही. 'सातारा जिल्हा, एक रुमाल'. बस. त्या कागदातला 'आपले घरी' म्हणजे कुणाचं घर, हे आता कुणीही सांगू शकत नाही. शिवाय मोठी संस्था म्हणजे निर्धोक असंही नाही. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत जमाव घुसून कशी नासधूस झाली, ते पुण्यात राहून आम्ही पाहिलं आहे.

माझं कालचं मत थोडं बदलतो. मूळ कागद कुठे ठेवायचे ते कोरडी जागा, कुलूप आणि पुढची पिढी पाहून ठरवा. पण यादी आणि सगळ्या पानांचे फोटो गावात हवेतच, एक प्रत पुण्यात आणि एक नदीपासून लांब कुठेतरी. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, तिवईवर मोबाइल लावून, पानाशेजारी फूटपट्टी ठेवून काढा. कोऱ्या मागच्या बाजूचाही काढा. 'कोरं आहे' हीसुद्धा नोंदच असते.

---

तंजावरकर
सोमवार, रात्री १०:०५

नमस्कार. आमचं मराठी जुन्या वळणाचं आहे, चुका पोटात घाला.

तंजावरात मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ चा भोसल्यांच्या वंशाचा मराठी लेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे रुमाल रचून ठेवलेले आहेत. जागा आहे, कपाटं आहेत, सरकार आहे. मोडी वाचणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. माझे आजोबा घरात मराठी बोलायचे, मोडी वाचायचे. वडील फक्त बोलायचे. मी मोडी चाळिसाव्या वर्षी, मोबाइलवर, सातारकडच्या एका बाईंकडून शिकलो. कागद जपला आणि वाचणारा नाही जपला तर ते बंद कपाटच. तुमच्या आठांपैकी दोघांनी तरी मोडी शिकावी, अशी विनंती.

---

मोडीप्रेमी
मंगळवार, सकाळी ७:३०

तंजावरकरांना +१. मोडीत आधी रेघ ओढून मग अक्षरं तिला लटकावतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे पहिले दोन महिने डोकं उठतं. मग अचानक एक दिवस 'राजश्री' दिसतं, दुसऱ्या दिवशी 'विज्ञापना', आणि मग सुटत नाही. रोज अर्धा तास पुरतो.

---

कृष्णाकाठ
पुढला रविवार, रात्री ९:३०

आज रुमाल आणले. काय काय झालं ते सांगतो.

सकाळी आठला माळ्यावर चढलो. आधी फोटो. खाली आजी खुर्चीवर बसून होत्या. आमच्यातल्या शिक्षिका त्यांच्याजवळ बसल्या, रेकॉर्डिंग चालू. पाऊण तास बोलल्या. रुमाल दर दसऱ्याला खाली काढून, हळदकुंकू वाहून पुन्हा वर जात. आजी लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, "यात आपलं घर आहे." एवढंच. ही प्रथा त्यांचे यजमान गेल्यावर थांबली, कारण माळ्यावर चढणारं कुणी राहिलं नाही.

मुलाने ठेवपत्रावर सही केली. देणगी नाही, ठेव. आम्ही बरंच बोललो त्याच्याशी. तो शेवटी म्हणाला, "मला वाटलं होतं कुणी विचारणारच नाही." मधल्या काळात एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन शिक्क्यांचे कागद वेगळे काढून मागत होता. आम्ही घरच्यांना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याबद्दल सांगितलं, की पंचाहत्तर वर्षांवरची ऐतिहासिक हस्तलिखितं त्याच्या कक्षेत येतात आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. व्यापारी पुन्हा आला नाही.

जागा : पूररेषेबाहेर, पहिल्या मजल्यावर, एका शिक्षकांच्या घरातली कोरडी खोली. खालच्या दोन फळ्या रिकाम्या.

रुमाल एक सोडला. खरं सांगतो, मनात पानिपत होतं. राजवाड्यांच्या गावचे ना आम्ही. निघाल्या याद्या. कोठीतून दिलेल्या धान्याच्या. पाच-सहा पानं कशीबशी लावली. कुंभारास, सुतारास, न्हाव्यास, परटिणीस. एका पानावर 'सुईणीस जोंधळे' असं आहे, पुढे माप आहे ते लागत नाही. ओवीकरताई, तुमची आठवण झाली. सगळे एकदम गप्प झाले. अडीचशे वर्षांपूर्वीचं असेल तर तिच्या हातून त्या घरात एक मूल जन्माला आलं होतं आणि त्याची नोंद धान्याच्या यादीत राहिली.

पण अडीचशे वर्षं हे मी अंदाजाने म्हणतोय. वर एक ओळ आहे, आम्ही लावली ती अशी : 'छ २२ सवाल, सु॥ सीत सितैन मया व अलफ'. 'सवाल' म्हणजे चौकशीचे बावीस प्रश्न की काय, यावर इथे तासभर वाद झाला. कुणी सांगेल का?

---

मोडीप्रेमी
रविवार, रात्री ९:५५

सवाल म्हणजे शव्वाल, मुसलमानी महिना. 'छ' हा चंद्राचा, म्हणजे चांद्र तारीख. २२ शव्वाल.

'सु॥' म्हणजे सुहूर सन. आकडे अरबी शब्दांत लिहायची रीत होती, तेही उलटे, एकंपासून : सीत सहा, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. ११६६. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६००. त्या वर्षीचा शव्वाल मार्च-एप्रिलात येतो, तेव्हा ६००.

१७६६. एप्रिलचे पहिले दिवस. तुमचा अंदाज बरोबर निघाला, दोनशे साठ वर्षांच्या आसपास.

---

ओवीकर
रविवार, रात्री १०:२०

सुईण.

तिचं नाव आहे का हो पुढेमागे कुठे? पान नीट बघाल?

---

कृष्णाकाठ
सोमवार, सकाळी ६:४०

ताई, भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. नाव नाही. कुंभाराचं आहे, सुताराचं आहे. तिच्यापुढे फक्त 'सुईणीस'. यादीत तेही लिहिलं, 'नाव नमूद नाही' म्हणून.

आणि काल संध्याकाळी दोघे जण कुंभारवाड्यात जाऊन आले. रेकॉर्डर नेला नव्हता, नुसतं बोलायला. एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या घरात भट्टीची माती कुठून आणायची याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहेत, आणि त्यातल्या दोन जागा आता धोमच्या धरणाखाली गेल्या. पुढल्या शनिवारी बोलावलं आहे.

---

अभिलेख
सोमवार, सकाळी ९:१०

मापाच्या खुणेचा जवळून फोटो टाका. पायली, शेर, अधोली यांच्या खुणा कारकुनागणिक थोड्या बदलतात. त्याच रुमालात दुसरीकडे तीच खूण येते का ते पाहा, बेरीज असेल तर उलटा हिशेब करून माप सापडतं. म्हणूनच क्रम मोडू नका म्हणत होतो.

---

वाशिष्ठी
सोमवार, दुपारी १:००

फोटोंची एक प्रत माझ्याकडे ठेवायला द्या. आता आम्हीही पहिल्या मजल्यावर आहोत.

---

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री ९:००

देतो, ताई. एक प्रत चिपळूणला, एक पुण्याला अभिलेखकाकांकडे, एक तंजावरला पाठवायचं ठरलं. तंजावरकर, तुम्ही नाही म्हणणार नाही असं धरून चाललोय.

आज आजींना पहिली नोंद वाचून दाखवली. घराचं नाव वगळून इथे देतो, कारण त्यांनी नाव फक्त वहीत ठेवा म्हटलं आहे :

'नोंद ३१३. रुमाल १, पानं ८६. जागा : माळा, देवघराच्या वर, पूर्वेचा कोपरा. ठेव. लाल कापड, सुतळी, सोबत जपले. पान १ ते ६ : कोठीतून दिलेल्या धान्याची याद, २२ शव्वाल, सुहूर ११६६ (इ.स. १७६६). कुंभार, सुतार, न्हावी, परटीण, सुईण (नाव नमूद नाही).'

आजींनी एक दुरुस्ती सांगितली. पूर्वेचा नाही, उत्तरेचा कोपरा. पूर्वेला लोणच्याच्या बरण्या असायच्या. दुरुस्ती केली, खाली तारीख घातली, त्यांची सही घेतली.

रुमाल दोन येत्या रविवारी सकाळी साडेआठला सोडतोय. मोबाइल तिवईवर असेल, ज्यांना मोडी येते त्यांनी व्हिडिओवर यावं. मोडीप्रेमी, तंजावरकर, तुम्ही दोघं तर हवेच.

---

तंजावरकर
सोमवार, रात्री ९:१२

साडेआठाला हजर.